पत्रा वेगळा, पाया तोच?

एकाच प्लॅटफॉर्मवर बनणाऱ्या गाड्यांविषयी वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : प्लॅटफॉर्म म्हणजे पूर्वी ज्याला चॅसिस म्हणायचे तेच ना? मग एका गाडीचा प्लॅटफॉर्म काढून दुसऱ्या बॉडीखाली का बसवता येत नाही?

जुन्या फोक्सवॅगन बीटलसाठी तुमचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बॉडीचे बोल्ट काढून ती उचलली की खाली मधोमध कणा असलेला तळाचा पत्रा, चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग असा भाग सुटा राहायचा. २,४०० मिमी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) तोच ठेवून आणि तळ बाजूंनी थोडा रुंद करून त्यावर कार्मान गिआ या दुसऱ्या गाडीची बॉडी बसली. हौशी लोकांनी तर हा तळ मधून कापून, आखूड करून, पुन्हा वेल्ड करून वाळूत पळवायच्या बग्या बनवल्या. शिडीसारखी फ्रेम असलेल्या गाड्यांत आजही बॉडी आणि फ्रेम वेगळी असते. टोयोटाच्या जीए-एफ फ्रेमवर लँड क्रूझर ३००, टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स या तिन्ही उभ्या आहेत.

बाकीच्या बहुतेक गाड्यांत मात्र तळ, खांब आणि छत वेल्ड करून एकच कवच केलेलं असतं. त्यातून प्लॅटफॉर्म सुटा काढता येत नाही. मग उरतं काय? उरतात ठरलेली मापं, जोडाच्या ठरलेल्या जागा आणि त्या जागांवर बसणारे भाग. पुढचे दोन लांब मेंबर (तुळया), फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत), तळाचा पत्रा, सबफ्रेम, लोअर आर्म व शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे बसतात ती टोकं, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंग, पेडल, इंधनाच्या टाकीची जागा आणि वायरिंगचा मूळ आराखडा हे सगळं त्यात येतं. वरचा दिसणारा भाग, म्हणजे दरवाजे, छत, बोनेट, दिवे, डॅशबोर्डचं बाह्यरूप, प्रत्येक मॉडेलचा वेगळा. कारखान्यात त्याला ‘टॉप हॅट’, म्हणजे वरची टोपी, म्हणतात.

प्रश्न : चार मीटरची हॅचबॅक आणि पाच मीटरची एसयूव्ही एकाच प्लॅटफॉर्मवर आहेत असं वाचलं. लांबी, रुंदी, व्हीलबेस सगळंच वेगळं असेल तर एक राहिलं काय?

फोक्सवॅगन ग्रुपचं एमक्यूबी घेऊ. २०१२ मध्ये ते तिसऱ्या पिढीची ऑडी ए३ आणि सातव्या पिढीची गोल्फ यांच्यासोबत आलं. चार मीटरच्या आसपासची पोलो आणि पाच मीटरहून लांब अ‍ॅटलास, दोन्ही त्याच कुटुंबातल्या. यात एक माप कायम असतं : अ‍ॅक्सिलरेटर पेडलपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. व्हीलबेस, दोन चाकांमधली रुंदी, पुढची-मागची लटकणारी लांबी हे सगळं बदलता येतं.

हेच माप का धरून ठेवायचं? कारण गाडीतला सगळ्यात गिचमिड आणि सगळ्यात खर्चिक भाग तेवढ्याच जागेत कोंबलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा रॅक, पेडल, ब्रेक बूस्टर, एसीचा डबा, आणि धडक झाली की चेपून ऊर्जा शोषणारे मेंबर. इथे दहा मिलिमीटर सरकवले तरी क्रॅश टेस्टची सगळी आकडेमोड पहिल्यापासून करावी लागते.

एमक्यूबीमध्ये आणखी एक गोष्ट केली. आधीच्या पिढीतली १.४ लिटरची पेट्रोल इंजिनं पुढे झुकलेली असायची आणि त्यांचा एक्झॉस्ट रेडिएटरकडे असायचा, डिझेलचं उलट. एमक्यूबीसाठी दोन्ही प्रकारची इंजिनं १२ अंश मागे कलती ठेवली आणि एक्झॉस्टची बाजू फायरवॉलकडे घेतली. त्यामुळे पेट्रोल असो वा डिझेल, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, सायलेन्सरच्या पाइपचा मार्ग आणि गिअरबॉक्सचा जोड सारखा ठेवता आला. बाहेरून कोणालाही न दिसणारा हा बदल कारखान्याच्या दृष्टीने नव्या बंपरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

व्हीलबेस वाढवणं त्या मानाने सोपं. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंतचा तळाचा पत्रा लांब घ्यायचा, दाराखालचे सिल लांब करायचे, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग वाढवायचं. ह्युंदाई-कियाच्या ई-जीएमपी या इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मवर आयोनिक ५ चा व्हीलबेस ३,००० मिमी आहे आणि किया ईव्ही६ चा २,९००. उलट स्कोडा कुशाक आणि स्लाविया, एक एसयूव्ही आणि दुसरी सेडान, दोघींचा व्हीलबेस २,६५१ मिमीच.

नावाला मात्र फसू नका. एमक्यूबीत लहान गाड्यांसाठी ‘ए झिरो’ ही वेगळी शाखा आहे. तिचे सस्पेन्शनचे भाग मोठ्या एमक्यूबी गाडीला बसतीलच असं नाही. आडनाव एक, पण घरं वेगळी.

आणि याला किंमतही आहे. सगळ्यांना पुरेल असा पाया आखला की कुणाला तरी तो घट्ट होतो आणि कुणाला ढगळ. थोराड गाडीसाठी ठरवलेला सबफ्रेम लहान गाडीत विनाकारण वजन वाढवतो. म्हणून चांगले आराखडे एकाच मापाचे नसतात. जोडाची जागा तीच ठेवून आतला भाग हलका-जड निवडण्याची सोय ठेवतात. रेनो-निसानच्या सीएमएफमध्ये हीच रीत आहे : इंजिनची खोली, कॉकपिट, तळाचा पुढचा भाग, तळाचा मागचा भाग आणि इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा अशा पाच गठ्ठ्यांतून निवड करून गाडी जुळवायची.

प्रश्न : प्लॅटफॉर्म एक असणं आणि नुसता बिल्ला बदलणं यातला फरक ग्राहकाला कसा कळावा?

काचा, छत आणि दरवाजे बघा. दोन्ही गाड्यांचे चारही दरवाजे आणि पुढची काच तीच असेल तर वरची टोपीही तीच आहे, म्हणजे बदललाय तो बिल्ला. सुझुकी बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा, टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या अशा जोड्या. बंपर, जाळी आणि दिवे वेगळे असणं हा पुरावा नव्हे. ते बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं, कारण त्याने पत्र्याचे मोठे साचे बदलत नाहीत.

फियाट, लान्चा आणि साब यांनी १९७८ मध्ये एकत्र सुरू केलेला ‘टाइप फोर’ प्रकल्प या दोन्हींच्या मधला. त्यातून फियाट क्रोमा, लान्चा थेमा, साब ९००० आणि नंतर सामील झालेली अल्फा रोमिओ १६४ अशा चार गाड्या निघाल्या. पहिल्या तिघींचे दरवाजे दिसायला सारखे, पण साबने बाजूच्या धडकेसाठी आत भक्कम आडवे बार घातले. त्यामुळे क्रोमाचा दरवाजा साबला लावता येत नाही. अल्फाने बॉडी निराळीच केली.

बिल्ला बदलणं वाईटच असतं असं नाही. फसवणूक किंमत ठरवताना होते. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये शेव्हरोले कॅव्हेलियरच्या जे प्लॅटफॉर्मवर कॅडिलॅक सिमारॉन काढली. कातडी सीट दिल्या, पण सुरुवातीला इंजिन चार सिलिंडरचं आणि बॉडी ओळखू येण्याइतकी तीच. लोकांनी ती नाकारली. १९८८ मध्ये बंद झाली. अ‍ॅस्टन मार्टिनची सिग्नेट तर टोयोटा आयक्यूच होती, कंपनीच्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन खाली दाखवण्याच्या सोयीची.

प्रश्न : माझी तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आहे. ती आणि सातवी गोल्फ एकाच एमक्यूबीवर आहेत. गोल्फचे मोठे ब्रेक आणि इतर भाग थेट बसतील का?

काही बसतील. कोणते, ते प्लॅटफॉर्मच्या नावावरून कधीच ठरवू नका. भागाच्या क्रमांकावरून ठरवा.

फोक्सवॅगन ग्रुपच्या क्रमांकाची रचना समजून घेतली की निम्मं काम होतं. पहिली तीन अक्षरं भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतात. ‘५क्यू०’ ने सुरू होणारे भाग एमक्यूबी गाड्यांत जागोजागी सापडतात. पुढचा आकडा मुख्य गट : १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अ‍ॅक्सल, ५ मागचा, ६ चाकं आणि ब्रेक, ८ बॉडी, ९ वीज. शेवटचं अक्षर म्हणजे सुधारित आवृत्ती. नवीन अक्षराचा भाग बहुधा जुन्याच्या जागी चालतो, पण उलटं धरून चालू नका. आत सॉफ्टवेअर असलेल्या भागात तर शेवटच्या अक्षरावरच सगळं अवलंबून असतं.

आता ब्रेक. या कुटुंबात पुढच्या डिस्क २७६×२४, २८८×२५, ३१२×२५ आणि ३४०×३० मिमी अशा मापांत येतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही इंजिनानुसार वेगळी डिस्क असते. २८८ च्या जागी ३१२ हवी असेल तर नुसती डिस्क बदलून भागत नाही; कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेटही त्याच मापाचं लागतं, नाहीतर कॅलिपर डिस्कवर चढतच नाही. कॅलिपरचा प्रकार वेगळा असेल तर कॅलिपर आणि पॅडसुद्धा बदलावे लागतात. रिमचाही विचार हवा : ३१२ ला साधारण १६ इंची आणि ३४० ला १७ इंची रिम लागते. इंचाचं माप बरोबर असूनही आरे आतल्या बाजूला फुगीर असले तर कॅलिपर घासतो. म्हणून रिम आधी हाताने फिरवून बघा, मगच बोल्ट आवळा.

कामाचा क्रम असा ठेवा. चॅसिस क्रमांक घ्या. डिकीत स्टेपनीच्या जागी किंवा सर्व्हिस बुकात चिकटवलेल्या पट्टीवर तीन-तीन अक्षरांचे पर्याय-कोड असतात. त्यातला पुढच्या ब्रेकचा कोड शोधा. कॅटलॉगमध्ये त्या कोडसमोरचा क्रमांक बघा. नवा भाग हातात आला की जुन्याशेजारी ठेवून व्यास, जाडी, मधलं भोक आणि टोपीची, म्हणजे डिस्कच्या मधल्या उंच भागाची, उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजा. टोपीच्या उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की डिस्क ब्रॅकेटच्या मध्यावर येत नाही आणि एकाच बाजूचे पॅड लवकर झिजतात. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो, कारण व्यास सगळे मोजतात, उंची कोणी मोजत नाही.

मागच्या बाजूला जास्त जपून. सातव्या गोल्फमध्ये साधारण ९० किलोवॅटच्या खालच्या इंजिनांना मागे टॉर्शन बीम असतो आणि त्यावरच्यांना मल्टिलिंक. प्लॅटफॉर्म तोच, मॉडेल तेच, पण मागची स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि आर्म एकमेकांना चालत नाहीत. गाडीखाली वाकून बघा : दोन चाकांना जोडणारा एकच आडवा जाड तुळईसारखा भाग दिसला तर टॉर्शन बीम, प्रत्येक चाकाला वेगवेगळे तीन-चार दांडे दिसले तर मल्टिलिंक.

इलेक्ट्रॉनिक भाग कनेक्टरला बसला म्हणजे चालला असं नाही. मीटर कन्सोल, रेडिओचा स्क्रीन, एसीचं कंट्रोल यांतले बरेच भाग मूळ गाडीच्या चॅसिस क्रमांकाशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीत लावले की ‘कंपोनंट प्रोटेक्शन’ लागू होतं. उत्पादकाच्या सर्व्हरला जोडून ते काढावं लागतं. एअरबॅगचा कंट्रोलर मात्र दुसऱ्या मॉडेलचा अजिबात लावू नका. किती जोराच्या धक्क्याला, किती मिलिसेकंदात एअरबॅग उडवायची याचं गणित त्या बॉडीच्या क्रॅश टेस्टवरून भरलेलं असतं. बॉडी बदलली की ते चुकतं.

प्रश्न : टोयोटा ८६ ला टोयोटाच्याच दुसऱ्या गाडीच्या अलॉय रिम लावायच्या आहेत. पाच बोल्ट आहेतच, अडचण काय?

ती रिम टोयोटाची नव्हे, सुबारूची धरा. ८६ चा हब सुबारूचा आहे : पाच बोल्ट १०० मिमी वर्तुळावर, मधला गड्डा ५६.१ मिमी. टोयोटाच्या इतर अनेक गाड्यांत हे भोक ५४.१ किंवा ६०.१ मिमी असतं. ५४.१ ची रिम हबवर बसणारच नाही. ६०.१ ची बसेल, पण सैल. मध्ये सेंटरिंग रिंग घातली नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरतं. सुप्राची गंमत आणखी : २०१९ ची सुप्रा बीएमडब्ल्यू झेड४ ची बहीण, म्हणून तिची रिम ५×११२ ची, बीएमडब्ल्यूच्या मापाची.

बोल्टची बैठकही बघा. फोक्सवॅगन ग्रुपच्या मूळ रिमला गोल, चेंडूसारख्या बैठकीचे बोल्ट लागतात. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी रिमना ६० अंशांचा शंकू. चुकीची जोडी आवळली तरी घट्ट वाटते, कारण टॉर्क पाना फक्त प्रतिकार मोजतो. प्रत्यक्षात धातू एका बारीक रेघेवर टेकलेला असतो आणि थोड्या अंतरात बोल्ट सैल होतात. एम१४ च्या बोल्टला गोल्फसारख्या गाडीत १२० न्यूटन-मीटर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासणी.

प्रश्न : पाया एकच, तर महागड्या ब्रँडला जास्त पैसे कशाचे?

फोक्सवॅगन टूआरेग, ऑडी क्यू७, पोर्शे कायेन, बेंटली बेंटेगा आणि लॅम्बोर्गिनी उरुस या पाचही एमएलबी इव्हो या एकाच आराखड्यावर बनल्या. उरुस ६५० अश्वशक्तीचं व्ही८ घेऊन आली. तिथे फरक सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

खरा प्रश्न पडतो तो जवळच्या बहिणींत. तिथे फरक असतो बुशच्या रबराचा कडकपणा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आतले व्हॉल्व्ह, अँटी-रोल बारची जाडी, स्टिअरिंगच्या मोटरचं ट्यूनिंग, दारातली आवाज रोखणारी गादी आणि काचेचे थर यांचा. या गोष्टी कागदावर दिसत नाहीत, पण रोज जाणवतात. दोन्ही गाड्या त्याच खडबडीत रस्त्यावर, टायरमध्ये सांगितलेली हवा भरून, त्याच वेगाने चालवा. फरक कळला नाही तर स्वस्त गाडी घ्या, इतकं साधं आहे. रिमचा आकार मात्र दोघींचा सारखा असल्याची खात्री करा. १६ आणि १८ इंची रिममधला फरक लोक अनेकदा ब्रँडच्या खात्यावर टाकतात.

प्रश्न : एका गाडीला क्रॅश टेस्टमध्ये चांगले तारे मिळाले, तर त्याच प्लॅटफॉर्मवरच्या दुसरीला तेवढे धरावेत का?

नाही. दुसऱ्या मॉडेलचंच काय, त्याच नावाच्या दुसऱ्या देशातल्या गाडीचंही धरू नका. सीएमएफ-ए वरच्या भारतात बनलेल्या रेनो क्विडला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत शून्य तारे मिळाले. २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बनलेल्या क्विडला लॅटिन एनकॅपने तीन दिले. तिचा सांगाडा मजबूत केला होता आणि एअरबॅगही जास्त होत्या. दोन संस्थांच्या नियमांतही फरक असतो, तरी इतकं अंतर निव्वळ नियमांनी पडत नाही.

प्लॅटफॉर्म समोरच्या धडकेत मदत करतो, कारण पुढचे मेंबर सामायिक. बाजूच्या धडकेत खांब, दरवाजे आणि सिल कामाला येतात, आणि ते वरच्या टोपीत. शिवाय कोणत्या जागी साधं आणि कोणत्या जागी गरम करून साच्यात दाबलेलं उच्च ताकदीचं पोलाद घातलंय हे बाहेरून कळत नाही. चाचणीच्या अहवालात मॉडेल, व्हेरिएंट, उत्पादनाचं ठिकाण आणि एअरबॅगची संख्या दिलेली असते. ती तुमच्या गाडीशी ताडून बघा.

प्रश्न : बहिणीसारख्या गाडीचा रिकॉल निघाला. माझीही परत न्यावी लागेल?

शक्यता दाट, पण नावावरून नव्हे, चॅसिस क्रमांकावरून तपासा. भाग सामायिक असला की दोषही सामायिक होतो. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण २०१४ मध्ये उघड झालं. स्विचमधली लहानशी स्प्रिंग कमकुवत. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला की किल्ली चालू स्थितीतून मागे सरकायची, इंजिन बंद, आणि एअरबॅगही उडत नसे. शेव्हरोले कोबाल्ट, एचएचआर, सॅटर्न आयन, पाँटिअ‍ॅक जी५ अशा निरनिराळ्या नावांच्या गाड्यांत तोच स्विच होता.

यातली सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच. स्विच मध्येच सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे चांगला आणि सदोष स्विच कागदावर ओळखताच येईना. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या साठ्यातही दोन्ही मिसळले. वर क्रमांकावर भरवसा ठेवा म्हटलं, त्याला हा एक अपवाद. रिकॉल निघालेला भाग जुन्या गाडीतून काढून कधीच वापरू नका, क्रमांक जुळला तरी. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे सदोष इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, तर प्लॅटफॉर्मच काय, कंपन्यांच्याही सीमा ओलांडून गेले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख परत मागवले गेले.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला स्वतंत्र प्लॅटफॉर्म हवाच का?

हवाच असं नाही, पण फरक पडतो. पेट्रोलच्या तळात बॅटरी बसवायची तर मधला बोगदा, टाकीची जागा आणि मागच्या सीटखालची पोकळी असे कोपरे शोधावे लागतात. बॅटरीचा आकार वेडावाकडा होतो आणि तळ उंच. स्वतंत्र आराखड्यात दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये सपाट बॅटरी येते आणि इंजिन नसल्यामुळे पुढची लांबी वाचते. एमईबी हा तसा. तो फोक्सवॅगनच्या आयडी.३, स्कोडा एन्याक आणि ऑडी क्यू४ ई-ट्रॉनखाली आहेच, शिवाय फोर्डने युरोपातल्या इलेक्ट्रिक एक्सप्लोररसाठी तोच घेतला.

प्रश्न : एका प्लॅटफॉर्मच्या गाड्या एकाच कारखान्यात बनतात का?

बनू शकतात, बंधन नाही. सुप्रा आणि झेड४ ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मॅग्ना श्टायर या कंत्राटी उत्पादकाकडे बनल्या. ८६ आणि बीआरझेड जपानमध्ये सुबारूच्या गुन्मा कारखान्यात. याउलट एमक्यूबीच्या गाड्या अनेक खंडांत बनतात. जुनी गाडी घेताना बनावटीचा देश चॅसिस क्रमांकाच्या पहिल्या अक्षरांवरून कळतो : ‘जे’ जपान, ‘डब्ल्यू’ जर्मनी, ‘टीएमबी’ झेक स्कोडा. त्यावर बिल्ल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवा, मात्र पूर्ण नाही. कधी कधी ही अक्षरं गाडी कुठे जुळली ते न सांगता उत्पादक कंपनी कुठली एवढंच सांगतात. ग्राझमध्ये बनलेल्या सुप्राचा क्रमांकही ‘डब्ल्यू’ नेच सुरू होतो.